शेवटच्या खोलीपलीकडे

१

नोकरी बदलायची म्हटली की आमच्या धंद्यातली माणसं पगार सगळ्यात शेवटी विचारतात. आधी विचारायचं, आधीची का गेली. मग दिवसाला पेशंट किती, सुट्टीच्या दिवशी फोन कोणाला येतो, आणि ज्या डॉक्टरच्या नावाखाली आपण काम करायचं तो आपला फोन उचलतो का. खोली बघायला मिळालीच तर खुर्च्या कशा मांडल्यात ते बघायचं. दाराजवळची खुर्ची आपली. पेशंट आत, आपण दाराशी. हे कुठल्या पुस्तकात नसतं, पहिला मार खाल्ला की आपोआप कळतं.

मी नर्स आहे, पण औषधं लिहून देणारी. मनाचे आजार, एवढंच माझं काम. शहरातल्या मोठ्या इस्पितळात, पोलिस ज्यांना धरून आणतात किंवा ज्यांना घरचे रडत सोडून जातात, त्यांना पहिल्यांदा मी बघते. बघते म्हणजे ऐकते. इतकी वर्षं ऐकल्यावर माझ्या कानांना कंटाळा आला होता. लोक म्हणतात पाय दुखतात, पाठ दुखते. माझे कान दमायचे. गाडी चालवत घरी येताना मी रेडिओ लावायचे नाही, आणि तळ्याच्या काठाने तासाभराचा तो रस्ता संपूच नये असं वाटायचं.

घरी अर्वो होता. अर्वो म्हणजे माझा नवरा, गावातला एक नंबरचा बोलघेवडा. बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायचा, आणि गाडी होईपर्यंत गिऱ्हाइकाला अशा काही गोष्टी रंगवून सांगायचा की लोक धडधाकट गाड्या दुरुस्तीला आणायचे. यंदाच्या वसंतात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. आता त्याच्याकडे मोजके शब्द आहेत. कॉफी. नाही. मॉम. मला तो 'कोर' म्हणतो. कोरलमधला 'ल' त्याला अजून सापडलेला नाही.

त्याच्याकडून शब्दांचा सराव करून घेणारी बाई म्हणाली, पहिलं वर्ष महत्त्वाचं. कोणीतरी रोज त्याच्यासमोर बसायला हवं. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, घाई करायची नाही, नुसतं ऐकायचं. आणि मी दिवसभर परक्यांचं ऐकून घरी यायचे तेव्हा तो झोपलेला असायचा.

२

फोन आला तो ग्रँट्स लँडिंगहून. आमच्या शेजारचंच गाव, कॉफी गार व्हायच्या आत पोचावं इतकं जवळ. तिथल्या लहानशा दवाखान्याची मॅनेजर केंड्रा बोलत होती. आवाज गोड, जरा घाईतला.

"आठवड्याला चार दिवस, अंधार पडायच्या आत तुम्ही घरी. आमची बर्निस निवृत्त होतेय, तिचे पेशंट तुमच्याकडे. सगळे जुने, सगळे शांत. भांडणारा एक नाही."

"बर्निस का सोडतेय?" मी माझा पहिला प्रश्न विचारला.

"दमली हो," केंड्रा म्हणाली. "खरंच दमलीय बिचारी."

इतकं सरळ उत्तर मला आजवर कुठल्याच मॅनेजरने दिलं नव्हतं. बाकीचे 'कौटुंबिक कारण' म्हणतात.

स्वयंपाकघरात माझी सासू हिल्मा कणीक मळत होती. वेलदोड्याच्या पावाची. ती अर्वोच्या आजारपणात महिन्याभरासाठी म्हणून आली आणि राहिली.

"पगार?" तिने विचारलं.

"आत्तापेक्षा जरा कमी."

"माणसं?"

"शांत म्हणे."

"तुझ्या धंद्यात आणि शांत? मग नक्की छप्पर गळकं असणार."

"हिल्मा, तुम्हाला कधी काही चांगलं दिसतं का हो?"

"दिसतं की. तू घरी असलीस की माझा मुलगा दिसायला बरा दिसतो. नाहीतर दिवसभर खिडकीशी बसून रस्ता मोजतो."

अर्वो टेबलाशी बसून आमचं बोलणं बघत होता. हो, बघतच होता. त्याने तोंड उघडलं. हिल्मा थांबली, मीही थांबले. शब्द शोधताना तो डोळे बारीक करतो, अंधाऱ्या गॅरेजमध्ये पाना शोधावा तसा.

"कोर," तो म्हणाला. बराच वेळ गेला. "घरी."

मी त्याच क्षणी मनातल्या मनात नोकरी घेतली होती. तरी रीतीप्रमाणे आधी एक दिवस तिथे बसून काम बघायचं ठरलं. नोकरी देणारे आपल्याला पारखतात, आपण त्यांना.

३

दिवस ठरला तो हरणांच्या शिकारीच्या पहिल्या आठवड्यातला. आमच्याकडे त्या आठवड्यात काही म्हणजे काही चालत नाही. शाळा अर्ध्या रिकाम्या, मुलींची लग्नं लागत नाहीत, पुरुषांचे दात दुखत नाहीत. तसेही मनाच्या आजाराचे पेशंट ठरल्या वेळी येतात थोडेच. निम्मे आले तरी आम्ही खूश असतो. मला वाटलं, निवांत दिवस जाईल, बर्निसशी गप्पा होतील.

बाहेरची खोली भरलेली होती. नारिंगी जाकिटं घातलेले शिकारी सरळ जंगलातून आलेले, बुटांना चिखल, मांडीवर टोप्या. कोणी मासिक चाळत नव्हतं, कोणी फोनमध्ये डोकं घातलं नव्हतं. सगळे अवघडल्यासारखे बसले होते.

"शिकार सोडून आलेत?" मी केंड्राला हळूच विचारलं.

"बर्निसची वेळ कोणी चुकवत नाही," ती अभिमानाने म्हणाली.

आत एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक दाराबाहेर जमिनीवर आवाजाचं छोटं यंत्र, तांब्याएवढं, सतत सूंऽ करणारं. हे आमच्याकडे सगळीकडे असतं. ते घोंघावतं म्हणून आत पेशंट काय बोलतो ते बाहेर बसलेल्यांना कळत नाही. बोळाच्या शेवटी बर्निसची खोली. तिच्या दाराबाहेर मात्र काहीच नव्हतं.

यंत्र आत होतं. तिच्या खुर्चीच्या डाव्या पायाशी, अगदी कानाशी यावं म्हणून लाकडी ठोकळ्यावर चढवलेलं, आणि आवाज पुरा वाढवलेला.

खुर्च्या बरोबर मांडल्या होत्या. दाराजवळची तिची. मी तेवढं बघून समाधान मानलं. शेवटची खोली, खिडकी नाही, डावीकडची भिंत म्हणजे इमारतीची बाहेरची भिंत. पलीकडे गाड्या लावायची जागा आणि मग तळं.

बर्निस उंच, किडकिडीत, पांढरे केस मुलासारखे कापलेले. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला. मी "कशा आहात" म्हटलं. ती लगेच बोलली नाही. मान जराशी डावीकडे गेली, ओठ मिटलेलेच राहिले, मग तिने माझ्याकडे बघितलं.

"बरी आहे," ती म्हणाली. "आज तू फक्त बस. बोलू नकोस."

मी हसून मान डोलावली. जुन्या बायका आपल्या पेशंटांच्या बाबतीत अशाच असतात, कोणाला हात लावू देत नाहीत. पण ती मान वळवणं माझ्या लक्षात राहिलं. आम्हाला ते शिकवलेलं असतं. समोरचा उत्तर द्यायच्या आधी थांबतो, बाजूला बघतो, कोणाचं तरी बोलणं संपू देतो. रोज मी ते कागदावर लिहिते. पेशंटबद्दल लिहिते. बरोबरीच्या बाईबद्दल तसं मनात आलं याची मला लाज वाटली. एका कानाने कमी ऐकू येत असेल, अशी मी समजूत घातली.

४

पहिला आला रसेल. लाकूडतोड्या, बायको गेल्यापासून झोप उडालेली. बर्निसने नेहमीचे प्रश्न विचारले. झोप, भूक, जीव द्यायचे विचार. मग सगळ्यांना विचारतात तो: "दुसऱ्यांना ऐकू येत नाहीत असे आवाज येतात का?" हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही.

"आता नाही," रसेल म्हणाला.

बायको गेल्याचं दुःख, झोप नाही, औषधाचा डोस नावापुरता. अशा माणसाला आवाज कशाला येतील? मी मनात नोंद केली.

उठताना त्याने टोपी छातीशी धरली आणि बर्निसला म्हणाला, "सॉरी हं."

त्यात काही विशेष नव्हतं. आमच्याकडे माणसं वाट सोडताना सॉरी म्हणतात, वाट अडवताना म्हणतात, दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच म्हणतात. अर्वो ऐन भरात असताना दाराच्या चौकटीला धडकून तिलासुद्धा सॉरी म्हणायचा.

दुसरी शाळेची बस चालवणारी पॅट्रिस. तिसरा एक तरुण, ज्याला खरंच जुना मोठा आजार होता आणि ज्याच्याकडून मी आवाजांचीच अपेक्षा केली होती. तिघांचं एकच उत्तर. आता नाही. आणि जाताना तिघंही: "सॉरी."

पॅट्रिस जरा बोलकी होती. बर्निसने विचारलं, "आणि तो?"

"पलीकडच्या खोलीतला ना? नाही. मागच्या वेळेपासून एकदम गप्प आहे घरी." मग तिने बर्निसकडे नीट निरखून बघितलं. "तुम्ही ठीक आहात ना?"

पेशंटने आमची विचारपूस करावी हे मला नवीन होतं.

तो तरुणही तेच म्हणाला. पलीकडच्या खोलीतला. मी विचार केला, गाव लहान, बाहेर एकत्र बसतात, एकमेकांचे शब्द उचलतात. असं होतं. एका वॉर्डात एकाला भिंतीत उंदीर दिसले की आठवड्यात सगळ्यांना दिसतात. कारण सापडलं की माझं समाधान होतं. ही माझी जुनी खोड, आणि तिच्यावरच मी इतकी वर्षं नोकरी केलीय.

५

आमच्यात एक रीत आहे. जुनी नर्स जाते, नवी येते, तेव्हा पेशंटला नुसतं बदललेलं नाव कळवत नाहीत. जुनी त्याच्यासमोर नवीला बसवते, ओळख करून देते, आणि नवी एक वाक्य म्हणते. शब्द इकडचे तिकडे, पण वाक्य तेच असतं. त्याने माणसाचा जीव भांड्यात पडतो. मी शिकाऊ असताना ते माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

चौथी म्हातारी लेम्पी. अंगात तीन स्वेटर, हातात पिशवी. बर्निसने तिला सांगितलं की मी जातेय, तेव्हा लेम्पीचा चेहरा असा उतरला की बघवेना. ती उठली, दाराकडे निघाली, परत फिरली, रडायला लागली.

"मग मी कुठे जाऊ? घरी ठेवू का त्याला? माझ्या घरात दोनच खोल्या आहेत, बाई!"

बर्निसची मान डावीकडे वळलेली होती. ती ऐकत होती, लेम्पीचं नव्हे. तिला वेळ लागत होता. आणि समोर एक म्हातारी रडत होती.

मी खुर्ची पुढे ओढली, लेम्पीचा हात धरला आणि म्हणाले, "काळजी करू नका. यांच्या जागी आता मी. जे यांच्यापाशी ठेवत होतात ते माझ्यापाशी ठेवा."

ते घोकलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं. शिंक यावी तसं.

लेम्पी रडायची थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग बर्निसकडे. बर्निसने डोळे मिटले होते.

"नक्की ना?" लेम्पीने विचारलं.

"अगदी नक्की."

"सॉरी हं, पोरी," ती मला म्हणाली, आणि पिशवी उचलून तुरुतुरु गेली.

मग नंतरच्या सगळ्यांनाही मी तेच म्हणाले. एकीला म्हटलं आणि दुसऱ्याला नाही, असं कसं करणार? शिवाय त्याने त्यांना बरं वाटत होतं. खांदे खाली यायचे. एक धिप्पाड शिकारी तर माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. मला वाटलं, बघ कोरल, अजून तुला हे काम येतं.

६

जेवणाच्या सुट्टीत केंड्राने मटण-बटाट्याच्या पेस्ट्या आणल्या, आमच्याकडच्या तळहाताएवढ्या भाजलेल्या करंज्या. बर्निसने दोन घासांत एक संपवून दुसरी उचलली. सकाळी तिने कॉफीसुद्धा अर्धी टाकली होती.

"तुला सांगितलं होतं, बोलू नकोस," ती म्हणाली. रागाने नाही. आणि लगेच म्हणाली, मध्ये न थांबता.

"ती बिचारी रडत होती. आणि तुम्ही तर..."

"हो. मी ऐकत होते." तिने बोटं चाटली. "मीही असंच म्हणाले होते. पहिल्याच दिवशी. माझ्या आधीच्या बाई असंच डोळे मिटून बसल्या होत्या."

"सगळेच म्हणतात ते."

"सगळेच म्हणतात," बर्निसने मान्य केलं, आणि पोटभर जेवलेल्या माणसासारखी खुर्चीत मागे रेलली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. सकाळपेक्षा ती दहा वर्षांनी लहान दिसत होती, आणि मला उगाचच तिचा हेवा वाटला. निवृत्त होणाऱ्यांचा वाटतोच.

ती हात धुवायला गेली. मी खोलीत एकटी. ते यंत्र कानात घुसत होतं. चुकीच्या जागी ठेवलेलं यंत्र बघून माझे हात शिवशिवत होतेच. मी ते ठोकळ्यावरून उचललं, वायर काढली, दाराबाहेर योग्य जागी नेऊन ठेवलं आणि आत येऊन दार लावलं.

खोली शांत झाली. नळातलं पाणी, बोळात कोणाची पावलं. मग डावीकडच्या भिंतीपलीकडे एक माणूस बोलत होता.

फोनवर बोलतात तसा. सावकाश, आर्जवाने, मध्ये थांबत. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. कोणीतरी समजूतदार माणूस समजावून सांगतोय, आणि अजून थोडं कान देऊन ऐकलं तर कळेल, असं वाटत होतं. मी भिंतीजवळ सरकले. बोलणं थांबलं. मला स्पष्ट जाणवलं की तो थांबला कारण आता मी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती.

बाहेर कोणी शिकारी गाडीत बसून बायकोशी बोलत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मी कोट घालून बाहेर गेले, इमारतीला वळसा घालून त्या भिंतीशी आले. बर्फ पडलेला होता. भिंतीपर्यंत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, माझं सोडून.

परत आले तेव्हा बर्निसने यंत्र पुन्हा ठोकळ्यावर नेऊन ठेवलं होतं. फक्त आता ते तिच्या खुर्चीशी नव्हतं. माझ्या खुर्चीशी होतं.

७

मी नोकरीला नाही म्हणाले.

घरी कारण सांगितलं, पेशंट फार आहेत. हिल्माने भुवई वर केली. अर्वोचा चेहरा मात्र पडला. मी त्याला म्हणाले, दुसरी बघते, याहून जवळची. तो 'नाही' म्हणाला. त्याच्या 'नाही'चे पुष्कळ अर्थ असतात, आणि दमलेल्या माणसाला ते लावत बसवत नाही.

केंड्राला फोन केला तेव्हा मला वाटलं होतं आढेवेढे घेईल, पगार वाढवून देते म्हणेल.

"काही हरकत नाही," ती म्हणाली. "दुसरं कोणीतरी बघू. आता तशी घाई नाही. पेशंट खूप बरे आहेत. तुमच्या भेटीने फार फरक पडला, सगळे म्हणत होते."

मला हायसं वाटलं. इस्पितळातल्या साहेबिणीला सांगून मी कमी तास मागून घेतले, ओरडा खाल्ला आणि तरी घेतले. निदान शनिवार-रविवार घरी. अर्वोसमोर बसायचं, ऐकायचं. ती नोकरी हुकली तरी जे हवं होतं त्यातलं थोडं हाती लागलं, याचा मला आनंद झाला. खरा आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

८

पहिल्यांदा ऐकलं ते भांडी घासताना. आमच्या स्वयंपाकघराला लागून खोली नाही. भिंतीपलीकडे लाकडांची रास आणि मग पाइनची झाडं. मला वाटलं, हिल्माचा रेडिओ. हिल्मा माझ्या शेजारीच उभी राहून बशा पुसत होती, आणि रेडिओ बंद होता.

मी घाबरले नाही. मला माझं काम येतं. दमलेल्या, जागरण केलेल्या माणसाला भास होतात, त्यात वेड नसतं. मी स्वतःलाच पेशंटसारखं बसवून प्रश्न विचारले. झोप? वाईट. भूक? बरी. दुसऱ्यांना ऐकू येत नाहीत असे आवाज? मी खरं उत्तर दिलं, आणि मला एक साधी गोळी लिहून द्यावी असं ठरवलं. मी माझ्या डॉक्टरकडे गेले, गोळी घेतली. झोप आली. तो गेला नाही.

त्रास असा काही नव्हता. शिव्या नाहीत, हुकूम नाहीत, मारून टाक नाही. इस्पितळात मी रोज ज्यांचं ऐकते त्यांच्या मानाने तो सभ्यच. फक्त सतत बोलायचा, आणि कोणी माझ्याशी बोलायला लागलं की जरा मोठ्याने बोलायचा. लोकांना मी "काय म्हणालात?" असं विचारायला लागले. सहकारी म्हणाले, कान तपासून घे. तपासले. उत्तम निघाले.

शेवटी बर्निसला फोन केला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"बोल गं," ती म्हणाली. मागे पाण्याचा आवाज, कुत्रं भुंकत होतं, ती धापा टाकत हसत होती. "तळ्यावर आलेय फिरायला. किती शांत आहे म्हणून सांगू!"

"बर्निस, मी नोकरी घेतली नाही."

"केंड्रा म्हणाली."

"मी नाही म्हणून सांगितलं."

"अगं, नोकरीला कोणीही नाही म्हणू शकतं," बर्निस म्हणाली. समजावणीच्या सुरात, मोठ्या बहिणीसारखं. ती एकदाही मध्ये थांबली नाही. "कोरल? ऐकतेस ना?"

मी ऐकत होते. पण तिचं पुढचं वाक्य मला कळलं नाही, कारण त्याच वेळी भिंतीपलीकडे तोही माझं नाव घेत होता, आणि त्याला 'ल' म्हणता येत होता.

९

रविवार. सकाळचं लख्ख ऊन, बर्फावरून उलटून छतापर्यंत आलेलं. हिल्माने पाव भाजला होता, घरभर वेलदोड्याचा वास होता. मी अर्वोसमोर बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून, शब्दांचा सराव घेणाऱ्या बाईने शिकवलं होतं तशी. त्याचे हात माझ्या हातांत.

तो कालपासून कसल्यातरी तयारीत होता. रात्री जेवताना माझ्याकडे टक लावून बघत होता. आता त्याने डोळे बारीक केले. मी घाई केली नाही. वाक्य पुरं करायला गेले नाही. फक्त त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्याचे ओठ हलले. एक शब्द नव्हे. दोन नव्हेत. ओठ मिटले, उघडले, गोल झाले, जीभ दातांना लागली, त्याच्या कपाळाची शीर फुगली आणि तो थांबला नाही, एका दमात शेवटापर्यंत गेला. अर्वो आख्खं वाक्य बोलला.

आणि त्या आख्ख्या वेळात पलीकडच्या खोलीतला माणूस बोलत होता. इतक्या जवळून तो कधी बोलला नव्हता. भिंत नव्हतीच जणू. मला अर्वोचं एक अक्षर ऐकू आलं नाही.

मागे हिल्माच्या हातातून सुरी पडली. अर्वो घामाघूम झाला होता. त्याच्या भुवया वर गेलेल्या होत्या, तोंड थोडं उघडं होतं, तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. तेवढं मला कळलं. त्याने काहीतरी विचारलं होतं.

पुन्हा म्हण, असं मी म्हणू शकत नव्हते. त्याला पुन्हा म्हणता आलं नसतं. अशा माणसाला एकदा जमलेलं लगेच दुसऱ्यांदा जमत नाही, आणि मी ऐकलं नाही असं त्याला सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. इतक्या महिन्यांनी तो माझ्यापर्यंत चालत आला होता. मी सगळं प्रेम डोळ्यांत आणलं, त्याचे हात घट्ट धरले, हसले आणि म्हणाले, "हो. हो रे, अर्वो. हो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने आपले हात काढून घेतले. हळूच, कोणाला लागू नये अशा बेताने.

मी मागे वळले. हिल्मा तोंडावर हात ठेवून उभी होती. ती पुढे आली, माझ्या कानाशी वाकली आणि दात-ओठ खात, शब्द तोडून तोडून बोलली, म्हणून तेवढं मला ऐकू आलं.

"तो विचारत होता, माझा कंटाळा आलाय का तुला. आणि तू हो म्हणालीस?"

"नाही!" मी ओरडले. "नाही, अर्वो, मी ऐकलंच नाही, तू काय म्हणालास ते मी..."

मी त्याच्याकडे वळले. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. उन्हात त्याचे ओठ पुन्हा हलत होते.